पाकिटावर ‘ग्लुटेन फ्री’ छापण्याआधी : सांगली जिल्ह्यातल्या बचत गटांना आणि गिरणीवाल्यांना खुलं पत्र

प्रति,
सांगली जिल्ह्यातल्या बचत गटांच्या ताई, पिठं-पापड-मसाले करणारे गृहउद्योग आणि गल्लोगल्लीचे गिरणीमालक यांस

सप्रेम नमस्कार.

गेल्या जानेवारीत एका प्रदर्शनात तुमच्यापैकी एका ताईंकडून मी ज्वारीच्या पिठाची दोन पाकिटं घेतली. पाकिटावर हिरव्या अक्षरांत ‘१०० टक्के ग्लुटेन फ्री’ असं छापलेलं होतं. माझी मुलगी तेरा वर्षांची आहे आणि तिला सिलिअ‍ॅक हा आजार आहे. आमची घरघंटी त्या आठवड्यात बंद पडली होती, म्हणून बाहेरचं पीठ आणायची वेळ आली. तिसऱ्या दिवशी रात्री तिचं पोट फुगलं, उलट्या सुरू झाल्या. पुढचे सहा दिवस ती शाळेत गेली नाही. त्या आठवड्यात त्या पिठाखेरीज दुसरं काही नवीन घरात आलेलं नव्हतं.

पाकिटावर पत्ता होता. मी गेलो, आणि भांडायलाच गेलो होतो. ताईंनी आत बोलावलं, पाण्याचा तांब्या पुढे केला आणि सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, ‘‘दादा, ज्वारी आमच्या रानातली हाय, जतची. मी सोता निवडलीय. त्यात गव्हाचा एक दाणा दाखवा.’’ त्यांनी पोतं उघडून दाखवलं. खरंच, मोत्यासारखी स्वच्छ शाळू होती. मग आम्ही दोघं त्यांच्या गिरणीत गेलो. गिरणीच्या तोंडाशी कुणाचा तरी गव्हाचा डबा नुकताच रिकामा झाला होता, आणि रांगेत पुढचा डबा ज्वारीचा होता. तेच घमेलं, पीठ गोळा करायची तीच कापडी पिशवी, झाडायला तोच कुंचा.

‘‘मग यात ग्लुटेन कुठनं आलं?’’ ताईंनी विचारलं. हा शब्द पाकिटावर का घातला असं मी विचारलं, तेव्हा म्हणाल्या की पाकिटं छापून देणाऱ्याने सुचवलं, ज्वारीच्या पाकिटावर हल्ली सगळेच टाकतात. शब्दाचा अर्थ त्यांना कुणीच सांगितला नव्हता. माझा राग तिथेच संपला. हे पत्र मी तेव्हापासून मनात लिहितो आहे.

सिलिअ‍ॅक म्हणजे ‘गहू पचत नाही’ एवढंच नव्हे, आणि ती अ‍ॅलर्जीही नव्हे. गहू, जव आणि राय (गव्हासारखंच एक परदेशी धान्य, मोहरी नव्हे) या धान्यांत ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. कणीक मळल्यावर तिला जो चिवटपणा येतो तो याचाच. काही माणसांच्या शरीराची संरक्षणव्यवस्था हे प्रथिन पोटात आलं की स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करते. आतड्याला आतून मखमलीसारखी लव असते, तिच्यातून अन्नाचा कस रक्तात जातो. ही लव झिजून सपाट होते. मग माणूस कितीही जेवला तरी अंगी लागत नाही. आमची मुलगी सात वर्षांची होती तेव्हा तिचं वजन सोळा किलो होतं. हिमोग्लोबिन सातच्या वर चढत नव्हतं. दीड वर्ष आम्ही लोहाची औषधं पाजत होतो, जंताच्या गोळ्या देत होतो, दृष्टही काढत होतो. शेवटी मिरजेतल्या एका डॉक्टरांनी रक्ताची एक वेगळी तपासणी केली, मग दुर्बिणीने आतड्याचा तुकडा काढून तपासला आणि आजाराचं नाव सांगितलं.

यावर औषध नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, हॉलंडमध्ये अन्नाची भीषण टंचाई होती. पाव मिळेनासा झाला, तेव्हा या आजाराची मुलं सुधारली, आणि पाव परत आल्यावर पुन्हा खालावली. गव्हावर आधीपासूनच संशय असलेल्या विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञाने त्यावरून गव्हाचा संबंध पक्का केला. आज इतकी वर्षं झाली, उपाय तोच आहे : ग्लुटेन बंद. ‘कमी’ चालत नाही, ‘सणासुदीला’ चालत नाही, आयुष्यभर पूर्ण बंद. बरं वाटायला लागलं म्हणून अधूनमधून खाल्लं तरी आतलं नुकसान चालूच राहतं.

आता ताईंच्या प्रश्नाचं उत्तर. ज्वारीत ग्लुटेन नसतंच. बाजरीत, नाचणीत, तांदळात, मक्यात, वरईत, राजगिऱ्यात, साबुदाण्यात, कुठल्याही डाळीत नसतं. पण आपल्या देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा नियम असा आहे की ‘ग्लुटेन फ्री’ हे शब्द छापायचे असतील तर एक किलो पदार्थात २० मिलिग्रॅमच्या वर ग्लुटेन असता कामा नये. जगभर बहुतेक ठिकाणी हीच मर्यादा मानतात. हिशोब करून पाहा. गव्हाच्या पिठात साधारण आठ ते दहा टक्के ग्लुटेन असतं, म्हणजे पाव ग्रॅम कणकेत वीस-पंचवीस मिलिग्रॅम. एक किलो ज्वारीच्या पिठात पाव ग्रॅम कणीक मिसळली की मर्यादा ओलांडली. पाव ग्रॅम म्हणजे नखावर बसेल एवढं पीठ! गव्हाचा डबा दळून झाल्यावर दगडांत, नळकांड्यात आणि त्या कापडी पिशवीच्या शिवणीत किती पीठ उरतं, हे गिरणीवाल्या दादांना मी सांगायची गरज नाही. पुढचं दळण पडतं तेव्हा ते सगळं त्यात उतरतं.

एवढ्याशाने काय होतं, असं पाहुणेसुद्धा विचारतात. संशोधकांनी सिलिअ‍ॅकच्या रुग्णांना तीन महिने रोज फक्त ५० मिलिग्रॅम ग्लुटेन देऊन पाहिलं, तेव्हा आतड्याची इजा दिसून आली. पन्नास मिलिग्रॅम म्हणजे अर्धा ग्रॅम कणीक, एक चिमूट.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्या भागातलं जेवण या आजाराला जात्याच सोयीचं आहे, आणि ते वाटेत बिघडतं. उत्तर हिंदुस्थानात हा आजार जास्त आढळतो, तिथे साधारण शंभरात एकाला तो असल्याचं पाहणीत दिसलं आहे. तिथल्या घरात तर दोन्ही वेळचं अन्नच गहू. आपल्याकडे भाकरी आहे. भाकरी, झुणका, आमटी, भात, ठेचा, दही, शेंगदाण्याची चटणी. यातल्या एकाही गोष्टीत मुळात ग्लुटेन नाही. माझ्या मुलीला परदेशी पाकिटातला महागडा पाव नको आहे, तिला तिच्या आजीची भाकरी हवी आहे. ती बिघडते गिरणीत, हिंगात आणि पाकिटावरच्या शब्दात. या तिन्ही जागा तुमच्या हातात आहेत, म्हणून हे पत्र मी कुठल्या मंत्र्याला लिहिलेलं नाही.

गिरणीचं पाहिलं. आता खपली.

कृष्णाकाठी खपली गहू पिकतो याचा आपल्याला अभिमान आहे. खपलीची खीर नसेल तर आपल्याकडच्या पंगतीला पंगत वाटत नाही. गेली काही वर्षं त्याला शहरांतून चांगला भाव मिळतो आहे. शेतकऱ्याला दोन पैसे जास्त मिळतात, याचा मला आनंदच आहे. पण याच खपलीच्या पिठावर, शेवयांवर, रव्यावर ‘ग्लुटेन फ्री’ असं लिहिलेलं मी स्वतः पाहिलं आहे, एकदा नाही, तीन-चारदा. खपली हा गहूच आहे. जुनी जात आहे, त्यातलं ग्लुटेन थोडं वेगळ्या बांधणीचं आहे, कणीक तितकी ताणली जात नाही, हे सगळं खरं. तरी ग्लुटेन आहे आणि ते आतड्याला तितकंच घातक आहे. आमच्या नात्यातल्या एका वृद्ध बाईंना याच आजारात कुणीतरी सांगितलं की साधा गहू सोडा, खपली चालतो. त्या वर्षभर खपलीच्या चपात्या खात राहिल्या. हाडं इतकी ठिसूळ झाली की मोरीत साधा पाय घसरला आणि खुबा मोडला. सांगणाऱ्याने चांगल्या मनानेच सांगितलं असणार. मधुमेहासाठी खपली बरा म्हणतात, तो निराळा विषय आहे. त्या पाकिटावर ‘खपली गहू’ एवढंच लिहा. तेच त्याचं मोठेपण आहे. त्याला न शोभणारा शब्द जोडू नका.

हिंगाबद्दल तर मलाही पहिली दोन वर्षं पत्ता नव्हता. आपण फोडणीला घालतो ती डबीतली पूड शुद्ध हिंग नसते. शुद्ध हिंग फार उग्र आणि फार महाग, म्हणून त्यात डिंक आणि पीठ मिसळून पूड करतात, आणि ते पीठ पुष्कळदा गव्हाचं असतं. डबीच्या मागे बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, पण हिंगाची डबी उलटी करून कोण वाचतं? मी वाचली त्या दिवशी घरातली आमटी, ताकाची फोडणी, लोणचं, सगळं एकेक करून आठवत बसलो. दोन वर्षं आम्ही तिला ‘पथ्याचं’ म्हणून तेच देत होतो. तांदळाच्या पिठात बांधलेला हिंगही बाजारात मिळतो. थोडा शोधावा लागतो, पण मिळतो.

आणि हिंग कशात नसतो? उडदाच्या पापडात, कैरीच्या लोणच्यात, मेतकुटात, वर्षाच्या चटणीच्या मसाल्यात, चिवड्यात. तुमच्या पापडाच्या पाकिटावर ‘उडीद डाळ, मिरे, मीठ, पापडखार, हिंग’ असं लिहिलेलं असतं. माझं बोट ‘हिंग’ या शब्दावर थांबतं आणि पाकीट परत ठेवतो. तिथे ‘हिंग’च्या पुढे ‘तांदळाच्या पिठातला’ असे दोन शब्द वाढले असते तर मी पाच पाकिटं घेतली असती. गव्हाच्या पिठातला असेल तर तसंही लिहा, निदान कळेल तरी. मेतकुटात आणि थालिपिठाच्या भाजणीत तर गहू घालायची रीतच आहे. ती रीत मोडा असं मी म्हणत नाही, फक्त गव्हाचं नाव पाकिटावर असू द्या.

दुकानात मी कसा उभा असतो ते सांगतो. गणपती पेठेतल्या ओळखीच्या दुकानदाराला आता सवय झाली आहे. पण नवीन मुलगा काउंटरवर असला की तो दोनदा विचारतो, ‘‘काका, घेणार हाय का नुसतं वाचणार?’’ मी आधी मागची बाजू पाहतो. २०२० च्या लेबलच्या नियमांप्रमाणे ग्लुटेनची धान्यं असतील तर तसं वेगळं जाहीर करावं लागतं. ‘यात गहू आहे’ असं वाक्य दिसलं की तिथेच निकाल लागतो. मग घटकांची यादी. यादीत जे सर्वांत जास्त ते पहिलं, असा क्रम असतो. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झाल्यापासून नाचणीची बिस्किटं आणि ज्वारीचे नूडल्स सगळीकडे आले. पुढे नाचणीचं कणीस छापलेलं असतं आणि मागे यादीत पहिलं नाव गव्हाच्या पिठाचं, नाचणी चौथी की पाचवी. ‘नो मैदा’ म्हणजे बहुतेक वेळा कणीक. ‘मल्टिग्रेन’ म्हणजे गहू आणि बाकीची धान्यं नावाला. ‘गहूमुक्त’ दिसलं तरी जव असू शकतो, म्हणून तेही पुरेसं नाही. माल्ट हा शब्द मुलांच्या दुधात घालायच्या पावडरीत आणि कॉर्नफ्लेक्समध्येही लपलेला असतो, आणि माल्ट म्हणजे सहसा जव. कॉर्नफ्लेक्स मक्याचेच म्हणून आम्ही किती निर्धास्त होतो! माल्टोडेक्स्ट्रिन मात्र दचकवणारं नाव असलं तरी बहुधा मक्याच्या स्टार्चपासून केलेलं असतं आणि चालतं. सोया सॉसमध्ये सहसा गहू असतो. ओट्स स्वतः जवळजवळ निर्दोष, पण शेतापासून गिरणीपर्यंत गव्हाच्या संगतीत असतात, म्हणून तपासलेले असतील तरच.

सातूचं एक वेगळंच. कुणी जवाला सातू म्हणतं, कुणाच्या घरी गहू आणि डाळं भाजून केलेल्या पिठाला सातूचं पीठ म्हणतात. दोन्ही आम्हाला वर्ज्य. पण पाकिटावर नुसतं ‘सातू, पौष्टिक’ लिहिलेलं असलं की वाचणाऱ्याला काय कळणार?

मोठ्या कंपन्यांच्या पाकिटावर निदान वाचायला काहीतरी असतं. तुमच्या पाकिटावर बरेचदा नुसतं नाव, वजन आणि फोन नंबर असतो. मला खावंसं मात्र तुमचंच वाटतं, कारण तुमच्या पाकिटात अनोळखी पावडरी नसतात. म्हणून जिथे माझा विश्वास सर्वांत जास्त तिथेच मला सर्वांत जास्त भीती वाटते. हे मला फार लागतं.

गिरणीवाल्या दादांना एक विचारतो. आषाढी एकादशीच्या आधी उपवासाचं दळण तुम्ही वेगळं घेता ना? पाटी लावता, ‘आज उपवासाचे दळण’. गिरणी झाडता, पुसता, पिशवी बदलता, राजगिरा-शिंगाडा-वरई आधी घेता. कुणाच्या उपवासात गव्हाचं पीठ जाऊ नये म्हणून तुम्ही हे करता, त्याचे जास्त पैसेही मागत नाही. ती निगराणी मी लहानपणापासून पाहत आलो आहे. तीच माझ्या मुलीसाठी मागतो आहे. मात्र उपवासाला पुसलेली गिरणी पुरते, आम्हाला ती पुरत नाही, कारण दगडाच्या खाचेतलं पीठ पुसून निघत नाही. तुमच्याकडे दोन-तीन यंत्रं असतील तर त्यातलं एक गव्हाला कधीच लावायचं नाही असं ठरवता येईल का? त्याचं घमेलं वेगळं, पिशवी वेगळी, कुंचा वेगळा, आणि जमलं तर खोलीही वेगळी, कारण गव्हाचं पीठ हवेत उडून बसतं. जव आणि गहू घातलेली भाजणीही त्या यंत्रावर नको. जे एकच यंत्र चालवतात त्यांनी हे करावं असा माझा आग्रह नाही, त्यांनी फक्त विचारलं तर खरं सांगावं.

बचत गटांच्या ताईंनो, तुमचं काम त्याहून सोपं आहे. ज्वारीच्या पिठावर ‘ज्वारीचं पीठ’ लिहा आणि खाली एक ओळ : ‘ज्या गिरणीत गहूही दळला जातो तिथे दळलेलं.’ यात कमीपणा काही नाही. ज्याला आजार नाही तो ती ओळ वाचून पुढे जाईल आणि पीठ घेईल. ज्याला आहे तो वाचेल. आणि ‘ग्लुटेन फ्री’ लिहायचंच असेल तर गव्हाचं पोतं धुऊन त्यात ज्वारी भरू नका, वेगळ्या यंत्रावर दळा, आणि पीठ मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून घ्या. ग्लुटेन किती आहे ते आकड्यात लिहून मिळतं. एका गटाला खर्च जड जाईल, पण तालुक्यातले पाच-सहा गट मिळून एकच यंत्र आणि एकच तपासणी करू शकतात. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्या जिल्ह्याचा माल त्याच्या खरेपणावर विकला जातो हे आपण हळदीत पाहिलंच आहे. जतच्या शाळूचं, गव्हाचा वारा न लागलेलं पीठ उद्या सांगलीतून पुण्या-मुंबईला जाऊ लागलं तर तिथल्या आमच्यासारख्या घरांतून त्याला मागणी असेल. आम्ही गिऱ्हाइकं चिकट आहोत, एकदा विश्वास बसला की बदलत नाही.

त्या जानेवारीच्या ताईंचं सांगायचं राहिलं. त्यांनी उरलेली पाकिटं परत आणली आणि ‘ग्लुटेन फ्री’वर कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या. आठवड्याने फोन करून विचारलं, ‘‘पोरगी बरी हाय का आता?’’ आता त्यांच्या गटाने जुनी का होईना, एक घरघंटी घेतली आहे आणि तिच्यात फक्त ज्वारी, बाजरी आणि तांदूळ दळतात. पहिल्या तपासणीचा अर्धा खर्च मी देणार आहे. तसा शब्द त्यांना दिला आहे. तुमच्यापैकी आणखी कुणी यंत्र वेगळं काढत असेल तर त्यांच्याही तपासणीत माझा जमेल तसा वाटा धरा. पाकिटावर काय लिहायचं ते ठरवायला कुणी बोलावलं तर रविवारी मी कुठल्याही तालुक्याला येईन.

उन्हाळी कामं आता तोंडावर आली आहेत. पापडांची लाटी करायच्या आधी हिंगाची डबी एकदा उलटी करून बघा, आणि त्यात गहू नसेल तर मला कळवा. आमच्या घरात सहा वर्षं बाहेरचा उडदाचा पापड आलेला नाही. यंदा तीन किलो हवेत.

आपला,
सांगलीतला एक बाप